राजीनामा ड्राफ्टमध्ये आहे!

काम तिघांचं, पगार एकाचा. सोडावं तर भीती, राहावं तर जीव नकोसा! ‘सोडू की नको’च्या या चक्रात तुम्हीही गरगरताय? मग ही एका आर्किटेक्टची साडेचार महिन्यांची गोष्ट. हिशोबाच्या वहीसकट!

रात्रीचे पावणेबारा. एरंडवण्यातल्या आमच्या ऑफिसात आम्ही तिघंच जागे होतो. मी, प्लॉटर आणि खाली वॉचमन काका. त्यातला प्लॉटर कागद संपला म्हणून झोपला. मग काका वर आले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, जाताना दिवे तेवढे घालवा.’’ गेल्या वर्षभरात हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते माझं पद असावं असं वाटायला लागलं होतं. सीनियर आर्किटेक्ट, दिवे विभाग!

तारीख २४ जुलै २०२५, गुरुवार. सूसच्या साइटचं ड्रॉइंग व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि मेल उघडला. ड्राफ्टमध्ये एक पत्र पडून होतं. ‘आदरणीय सर...’पासून सुरू होणारं. मार्च महिन्यात पहिल्यांदा लिहिलेलं. तेव्हापासून सात वेळा सुधारलेलं. (सवय हो! आमच्याकडे सगळ्याच गोष्टींच्या रिव्हिजन निघतात.) प्रत्येक रिव्हिजनमध्ये पत्र लांबत गेलं होतं. कुठल्या शनिवारी थांबवलं, कुठला गणपती बुडाला, कोणाचं क्रेडिट कोणी घेतलं... सगळं त्यात होतं.

बोट सेंडवर ठेवलं. आणि मग नेहमीसारखाच विचार आला. उद्या काय? धाकट्या भावाची इंजिनीअरिंगची फी. फ्लॅटचं भाडं. कऱ्हाडला पप्पांना काय सांगायचं? लॅपटॉप मिटला. दिवे घालवले. घरी.

हे असं किती जणांचं होतं? मला वाटतं, आपल्यातल्या निम्म्या लोकांचा राजीनामा कुठल्या ना कुठल्या ड्राफ्टमध्ये असतोच.

एक गेला, दुसरा गेला...

सुरुवातीला असं नव्हतं बरं का. मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा, २०१८मध्ये, बाळकृष्ण दोशींना प्रित्झकर मिळालं. भारतातल्या आर्किटेक्टला पहिल्यांदाच! त्यात ते पुण्यात जन्मलेले, म्हणजे आपलेच. आमच्या स्टुडिओत नुसता जल्लोष. आपणही असंच काहीतरी करणार, या धुंदीत पाच वर्षांची डिग्री संपली ती नेमकी २०२०मध्ये. कामं बंद, साइट बंद. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला मला नोकरी मिळाली, तेव्हा पगार विचारायचंही भान नव्हतं. मिळाली हेच खूप! २२ हजार.

आणि सांगते, पहिली तीन वर्षं सॉलिड होती. सरांनी हात धरून शिकवलं. महापालिकेत प्लॅन कसा मंजूर करून घ्यायचा, मिस्त्रीशी कसं बोलायचं, क्लायंटला ‘नाही’ हा शब्द न वापरता नाही कसं म्हणायचं... कॉलेजात यातलं काहीच नव्हतं.

मग आमच्या टीममधला एक जण दुबईला गेला. त्याच्या जागी कोणी आलं नाही. त्याची दोन कामं माझ्याकडे आली. ‘‘तात्पुरती, हां.’’ नंतर एकीचं लग्न झालं, ती बंगळुरूला गेली. तिचीही कामं आली. पाच जणांच्या टीमचे आम्ही तिघं उरलो आणि माझ्या नावावर एकूण सात प्रोजेक्ट. पगार पाच वर्षांत २२ हजारांवरून ३६ हजारांवर. मधे एक प्रमोशन मिळालं, ते व्हिजिटिंग कार्डवर. कार्ड छान होतं. मॅट फिनिश.

यात गंमत अशी, की मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. ‘‘तूच करू शकतेस’’ असं कोणी म्हटलं की माझी छाती फुगायची आणि मी होकार द्यायचे. या वाक्याला पगार द्यावा लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आणि ड्रॉइंग चुकलं

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन. सूसच्या साइटवरून मिस्त्री. ‘‘मॅडम, रात्री पाठवलेलं ड्रॉइंग आणि आधीचं जुळंना. संडासचा संक भिंतीच्या अलीकडं का पलीकडं?’’

संक म्हणजे टॉयलेटखाली पाइप जावेत म्हणून तेवढाच भाग स्लॅबमध्ये खाली घेतात ती जागा. तो चुकीच्या खोलीत गेला, की एकतर तोडफोड किंवा आयुष्यभर गळती. क्लायंटने दोन आठवड्यांपूर्वी टॉयलेट हलवलं होतं. रिव्हिजन चार मी स्वतः काढलं होतं. आणि रात्री पावणेबाराला पाठवलं होतं ते रिव्हिजन तीन!

सळ्या बांधून झालेल्या. दहा वाजता काँक्रीटच्या गाड्या येणार. मिस्त्रीने विचारलं नसतं तर? मी तशीच, न आंघोळ करता, स्कूटरवरून साइट गाठली. स्लॅब एक दिवस पुढे गेला, सळ्या पुन्हा बांधल्या, कॉन्ट्रॅक्टरने मला ऐकू जाईल अशा आवाजात मजुरीचा हिशोब केला. सर म्हणाले, ‘‘लक्ष कुठे असतं गं तुझं हल्ली?’’

मला राग यायला हवा होता. पण भीती वाटली. तोवर माझ्या डोक्यातल्या सिनेमात मी बिचारी होते. काम लादलेली, गुणी, सोशिक. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की इतकी थकलेली आर्किटेक्ट नुसती बिचारी नसते, ती धोकादायक असते. कोणीतरी आयुष्यभराची कमाई घालून घर बांधतंय आणि मी अर्धवट झोपेत त्यांचं ड्रॉइंग पाठवतेय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये ‘बर्नआउट’ला आपल्या आजारांच्या यादीत जागा दिली. आजार म्हणून नव्हे, कामातून येणारी अवस्था म्हणून. तिची लक्षणं तीन. अंगातलं बळ संपणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं आणि हातून नीट काम न होणं. पहिली दोन मला वर्षभर होती. आणि तिसरं? त्या शुक्रवारी सूसला जाऊन पाहून आले!

प्रत्येकाकडे एक सल्ला

आता सल्ल्यांचा बाजार. आई म्हणाली, ‘‘अगं, सगळीकडे असंच असतं. थोडं सोस. लग्नानंतर बघू.’’ (लग्नानंतर काय बघू, ते तिनेही सांगितलं नाही.) पप्पा म्हणाले, ‘‘दुसरं हातात आल्याशिवाय पहिलं सोडायचं नाही.’’ फ्लॅटमेट आयटीतली. ती म्हणाली, ‘‘यार, सोड ना! लाइफ एकच आहे!’’ तिचा पगार माझ्या अडीचपट आहे. त्या पगारात माझंही लाइफ एकच असतं.

मोठी माणसं तर आणखी मोठं बोलतात. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला. २०२५च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो ९०वर नेला, रविवारीही काम करवून घेता आलं असतं तर बरं, असं म्हणाले. आणि या दोन विधानांच्या मधे, २०२४च्या जुलैमध्ये, आपल्याच पुण्यात २६ वर्षांची एक सीए नोकरीला लागून चार महिने झाले असताना गेली. कामाच्या ओझ्याने गेली, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलं. ते पत्र सप्टेंबरमध्ये देशभर फिरलं. आमच्या ऑफिसातही फिरलं. सगळ्यांनी वाचलं, हळहळले आणि साडेनऊपर्यंत बसले. मीसुद्धा.

मला हादरवणारा आकडा वेगळाच निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. मग प्रश्न आला, माझे तास किती? मला माहीतच नव्हतं!

मावशींचा फंडा

खरा सल्ला मिळाला तो स्वयंपाकघरात. आमच्याकडे पोळी-भाजीला मावशी येतात. त्याच आठवड्यात फ्लॅटमेटची बहीण दहा दिवसांसाठी राहायला येणार होती. मी सहज म्हटलं, ‘‘मावशी, दोन-तीन पोळ्या जास्त लाटा हं.’’

मावशींनी लाटणं खाली ठेवलं. ‘‘ताई, माणूस वाढला की पैसे वाढणार. दहा दिवसांचे वेगळे.’’ आवाजात ना राग, ना संकोच. नियम सांगितला आणि पुन्हा लाटायला लागल्या.

मी पोळी तोंडात तशीच धरून बसले. पाच वर्षांची डिग्री, काउन्सिलचं रजिस्ट्रेशन, मॅट फिनिशचं कार्ड... आणि तीन माणसांच्या पोळ्या मी एका माणसाच्या पैशांत लाटत होते! आणि हे वाक्य मी सरांना कधी म्हटलंच नव्हतं. ड्राफ्टमधल्या पत्रात सात रिव्हिजन झाल्या, पण समोर बसून एकदाही मागितलं नव्हतं.

त्या रात्री पत्र उघडलं नाही. वही उघडली.

वहीतली चार पानं

पहिलं पान तासांचं. मागच्या दोन आठवड्यांची ऑफिसात यायची-जायची वेळ लिहिली. एका आठवड्यात ६१ तास, दुसऱ्यात ६४. म्हणजे महिन्याला साधारण २७०. छत्तीस हजार भागिले २७०, तासाला १३३ रुपये. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची मर्यादा ४८ तासांची. म्हणजे महिन्याला ६०-६२ तास, एका पूर्ण आठवड्याहून जास्त, मी फुकट देत होते. जादा कामाला दुप्पट दर असंही तो कायदा म्हणतो. वाचून खूश झाले. मग पुढचं वाचलं. व्यवस्थापक, पर्यवेक्षक पातळीच्या माणसांना हे लागू नाही! पगार न वाढवता मोठं पद का देतात, असा प्रश्न कधी पडला असेल, तर एक उत्तर इथेही सापडेल.

दुसरं पान पैशांचं. भाडं नऊ हजार, जेवणखाण सहा, पेट्रोल-फोन तीन, भावाची फी आठ, किरकोळ चार. महिना ३० हजार. बँकेत ७१ हजार. म्हणजे त्या रात्री सेंड दाबलं असतं, तर नोटिशीचा काळ संपल्यावर मी जेमतेम सव्वादोन महिने तरले असते. मुलाखतीत अशा वेळी समोरचा म्हणेल त्या पगाराला होकार द्यावा लागतो. एका कमी पगारातून दुसऱ्या कमी पगारात!

तिसरं पान तारखांचं. इथे मला घाम फुटला. ग्रॅच्युइटी नावाची गोष्ट पगाराच्या स्लिपवर कधी दिसत नाही, म्हणून आपण विसरतो. सलग पाच वर्षं पूर्ण झाली की मिळते. शेवटचा मूळ पगार (महागाई भत्ता असेल तर तोही धरून) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. माझा मूळ पगार १८ हजार, म्हणजे साधारण ५२ हजार रुपये. माझी पाच वर्षं ४ ऑक्टोबरला पूर्ण होणार होती. नोटीस दोन महिन्यांची. त्या गुरुवारी रात्री राजीनामा गेला असता, तर शेवटचा दिवस २४ सप्टेंबर. दहा दिवस कमी! दहा दिवसांसाठी ५२ हजार पाण्यात जाण्याची भीती. भावाच्या साडेसहा महिन्यांच्या फीएवढे.

चौथं पान सगळ्यात अवघड. शिकण्याचं. ‘‘पगार कमी आहे, पण शिकायला मिळतं’’ हे मी पाच वर्षं सगळ्यांना सांगत होते. म्हटलं, बघू तरी. पोर्टफोलिओ काढला. पहिल्या तीन वर्षांची सहा पानं सहज भरली. एक शाळा, दोन बंगले, एका वाड्याची दुरुस्ती. शेवटच्या दोन वर्षांचं पान उघडलं आणि... बाथरूमच्या टाइल्सचे लेआउट. दरवाजांची यादी. पुन्हा टाइल्स. सात प्रोजेक्टमध्ये धावताना मी एकाचंही डिझाइन केलं नव्हतं, फक्त आग विझवली होती. पगारातला जो भाग मला ‘शिक्षण’ म्हणून मिळत होता, तो दोन वर्षांपूर्वीच बंद झाला होता. आणि मला कोणी कळवलंही नव्हतं!

‘‘सर, पाच मिनिटं आहेत?’’

१ ऑगस्टला, शुक्रवारी सकाळी, सरांच्या केबिनमध्ये गेले. रात्री नाही. रडवेलं होऊन नाही. हातात एक कागद. सात प्रोजेक्ट, प्रत्येकाला लागणारे तास, आणि खाली तीन मागण्या. एक तर माणूस द्या किंवा दोन प्रोजेक्ट काढून घ्या. ड्रॉइंग दुसऱ्याने तपासल्याशिवाय साइटवर जाणार नाही. आणि पगार ४८ हजार.

सरांनी कागद नीट वाचला. मग त्यांनी त्यांचा कागद दाखवला. दोन बिल्डरांकडे वर्षभराची फी अडकलेली. ऑफिसचं भाडं, कर्जाचा हप्ता. ‘‘मी तरी कुठे सुखात आहे गं? आपण एक फॅमिली आहोत.’’

सर वाईट माणूस नाहीत, हे मला इथे लिहायलाच हवं. ते स्वतः माझ्याहून जास्त तास बसतात. बिल्डर सरांना थकवतो, सर आम्हाला थकवतात. पण त्यांची अडचण खरी आहे म्हणून माझी खोटी ठरत नाही. आणि फॅमिलीत नफा झाला असता, तर वाटणी झाली असती का, हा प्रश्न मी गिळला. एवढंच म्हटलं, ‘‘सर, सप्टेंबरअखेरपर्यंत थांबते. मग पुन्हा बोलू.’’ साठ दिवस. त्यांनाही, मलाही.

या साठ दिवसांत काय झालं? माणूस आला! चौथ्या वर्षाचा विद्यार्थी, स्टायपेंडवर. गोड मुलगा. त्याला शिकवण्यात माझा रोजचा एक तास वाढला. दिवाळीला ‘काहीतरी करू’ असं आश्वासन मिळालं. पगाराचा विषय निघाला नाही.

पण एक गोष्ट मी करून पाहिली. साडेआठनंतर फोन घ्यायचे बंद केले. गौरीला दोन दिवस कऱ्हाडला गेले, लॅपटॉप न घेता. स्वारगेटला एसटीत बसेपर्यंत पोटात गोळा होता. आणि काय झालं? काही नाही! स्लॅब भरले गेले. भिंती उभ्या राहिल्या. तास ६२वरून ५४वर आले. म्हणजे आठ तासांचं ओझं मी स्वतःच डोक्यावर घेऊन फिरत होते. ‘माझ्याशिवाय होणार नाही’ हीसुद्धा एक चैनच असते हो, महागडी!

इथे खरं सांगायचं, तर मी डळमळले. ५४ तास, ओळखीची माणसं, नळ स्टॉपचा ओळखीचा चहा. राहावं का? वाईट सहन होत नाही म्हणून सोडणं सोपं असतं. पण थोडंसं बरं झालेलं सोडणं? मग मी पुन्हा चौथं पान उघडलं. तास कमी झाले होते, टाइल्स त्याच होत्या. पगार तोच होता. मी ‘आणखी पाच वर्षांनी’ असं लिहून पुढचं पान रिकामं ठेवलं. त्यावर काय काढायचं ते मला सुचेना. तेच उत्तर होतं.

मंगळवार, सकाळी अकरा

दसरा झाला. ४ ऑक्टोबर उलटला. ७ तारखेला, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, चहा पिऊन मी राजीनामा पाठवला. ड्राफ्टमधला नाही. नवा, चार ओळींचा. पाच वर्षांत शिकवलंत त्याबद्दल आभार, आज राजीनामा देत आहे, नोटिशीप्रमाणे शेवटचा दिवस ७ डिसेंबर, कामं नीट सोपवून जाईन. बस. तक्रारी एकही नाही. त्या बोलून झाल्या होत्या, योग्य माणसाशी, दिवसाउजेडी.

सर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ४२ हजार म्हणाले. मोह झाला नाही असं नाही. पण माणूस? प्रोजेक्ट? त्यावर काही नव्हतं. मी नम्रपणे नाही म्हटलं, त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीने, ‘नाही’ हा शब्द न वापरता.

नोटिशीच्या दोन महिन्यांत पाच ठिकाणी पोर्टफोलिओ पाठवला (ऑफिसची ड्रॉइंग वापरायची सरांची परवानगी घेऊन). दोन मुलाखती. दोन्हीकडे मीच विचारलं, ‘‘एका आर्किटेक्टकडे किती प्रोजेक्ट असतात? आधीची व्यक्ती का गेली?’’ एकीकडे समोरचा हसला. दुसरीकडे समोरच्या बाईंनी आकडा सांगितला. तीन. मी दुसरीकडे गेले.

हे वाचून लगेच सेंड दाबू नका बरं! माझी एक मैत्रीण रागाच्या भरात सोडून आली. पाच महिने घरी होती आणि शेवटी आधीपेक्षा कमी पगारावर रुजू झाली. दुसरा मित्र ‘अप्रेझलनंतर बघू’ म्हणत तीन अप्रेझल थांबलाय. आता त्याला काय आवडायचं, हेच आठवत नाही. चुकले दोघंही नाहीत, दोघांनी फक्त वही उघडली नाही. एकीने त्या रात्रीच्या रागाला ठरवू दिलं, दुसऱ्याने रोज सकाळच्या भीतीला. हिशोबाने ठरवलं असतं, तर कदाचित तुमचं उत्तर ‘राहा’ असंही येईल. शिकायला मिळतंय, माणूस येतोय, सहा महिन्यांनी घराचं कर्ज मंजूर व्हायचंय... तर राहा की! पण तारीख घालून राहा.

सेंड दाबण्याआधी : एक नजर

• तास मोजा. दोन आठवडे, प्रामाणिकपणे. चहाचे वजा करून.

• नोटिशीचा काळ नेमणूकपत्रात बघा. पूर्ण न केल्यास तेवढा पगार कापला जाऊ शकतो.

• ग्रॅच्युइटीची तारीख काढा. कायम कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांचा नियम आजही आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यांना मात्र एका वर्षाच्या सेवेवरही ती मिळते. रक्कम ३० दिवसांत मिळायला हवी.

• पीएफ काढू नका, नव्या नोकरीत ट्रान्स्फर करा. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो. ट्रान्स्फर केल्यास आधीच्या नोकरीची वर्षंही मोजली जातात.

• आरोग्य विमा. ऑफिसची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर सहसा संपते. शेवटच्या दिवसाआधीच स्वतःची घ्या किंवा त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलता येते का ते विचारा. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आमच्याकडे पॉलिसी नव्हतीच, म्हणून मी नोटीस देण्याआधी स्वतःची घेतली.

• निदान चार-पाच महिन्यांचा खर्च बाजूला हवा. माझी बचत अधिक ग्रॅच्युइटी मिळून तेवढाच झाला.

• हिशोब पूर्ण करा. नव्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्या माणसाचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करण्याची तरतूद आहे. अनुभवाचं पत्र, रिलीव्हिंग लेटर आणि पगाराच्या स्लिपा हातात घेऊनच बाहेर पडा.

• आणि सगळ्यात आधी, मागून बघा! तोंडाने. समोर बसून.

आता?

नव्या ऑफिसात पगार ४६ हजार. स्वर्ग नाहीये. प्रिंटर इथेही अडतो, क्लायंट इथेही टॉयलेट हलवतात. पण ड्रॉइंग साइटवर जाण्याआधी दुसरं कोणीतरी बघतं आणि सात-साडेसातला मी बाहेर असते. पहिले पंधरा दिवस त्या वेळेचं करायचं काय, तेच कळेना! सध्या एका छोट्या ग्रंथालयाचं डिझाइन करतेय. पोर्टफोलिओचं सातवं पान.

जुन्या सरांचा मधे फोन आला होता. सूसचा बंगला पूर्ण होत आलाय. ‘‘टॉयलेट बरोबर जागी आहे,’’ म्हणाले आणि हसले. मीही हसले. मग म्हणाले, ‘‘दोन माणसं घेतली गं तुझ्या जागी.’’

दोन!

घरी येऊन मावशींना सांगितलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. त्या वेगळ्याच घाईत होत्या. फ्लॅटमेटची बहीण आता आमच्याकडे कायमची राहायला आलीये ना. ‘‘ताई, पुढच्या महिन्यापासून तिसऱ्या माणसाचे पैसे,’’ त्या म्हणाल्या.

माणूस वाढला, पैसे वाढले. सिंपल!